लीज संपलेली गाडी: फाईलमधली चार बिलं आणि एक जॉब कार्ड

मे २०२५ मधलं प्रकरण आहे. नागपुरात मानेवाड्याला राहणारे एक प्राध्यापक माझ्याकडे आले. नोकरी उमरेडच्या कॉलेजात, रोजचं जाणं-येणं नव्वदेक किलोमीटर. बस आणि मित्राची गाडी असं करत सहा वर्षं काढली, आता स्वतःची गाडी घ्यायची ठरवली होती. अमरावती रोडवर वाडीच्या पुढे एका डीलरच्या यार्डात त्यांना एक डिझेल एसयूव्ही आवडली. डिसेंबर २०२० ची नोंदणी, बीएस-६ (धुराच्या कडक नियमांचं) इंजिन, पुण्याचं पासिंग, मीटरवर ५८,२०० किलोमीटर आणि मागणी पावणेनऊ लाख. गाडी चार वर्षं एका कंपनीच्या लीजवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाड्यावर, चाललेली. डीलर त्यांना म्हणाला होता, "सर, लीजची गाडी म्हणजे डोळे मिटून घ्या. सगळ्या सर्व्हिसेस कंपनीतच झाल्या आहेत. फाईल आहे ना."

सरांनी फाईलच्या पानांचे फोटो मला पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: टोकन देऊ का?

मी तेरा वर्षं एका अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. काउंटरच्या त्या बाजूला बसून अशी हजारो बिलं काढली आहेत. म्हणून बिलात काय लिहिलंय याच्या आधी माझी नजर काय लिहिलेलं नाही तिकडे जाते. सरांना कळवलं, अजून नको, आधी फाईल हातात घेऊन बघू.

फाईलमध्ये चार बिलं होती. पहिलं नोव्हेंबर २०२१ चं, १०,२०० किलोमीटरला. दुसरं ऑक्टोबर २०२२ चं, २०,७०० ला. ही दोन्ही पुण्याची आणि दोन्हींत इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, ड्रेन वॉशर असं सगळं ओळीने लिहिलेलं. तिसरं २९ सप्टेंबर २०२३ चं, ३१,६०० ला, नागपूरचं. चौथं जून २०२४ चं, ४३,८०० ला, तेही नागपूरचं. शेवटच्या दोन बिलांत इंजिन ऑईल नव्हतं. तिसऱ्यात एसी फिल्टर, व्हील अलाइनमेंट, इंटिरियर क्लीनिंग आणि लेबर. चौथ्यात वायपर ब्लेड, पुन्हा एसी फिल्टर, चार टायर बसवण्याची मजुरी. सर्व्हिस बुकात मात्र दोन्ही ठिकाणी शिक्का होता, तारखेसकट.

शिक्का असला म्हणजे सर्व्हिस झाली असं घेणारा धरून चालतो. मी इतकंच धरतो की त्या दिवशी गाडी वर्कशॉपच्या गेटमधून आत आली होती.

यावरून एखाद्याने लगेच निष्कर्ष काढला असता की २०,७०० पासून ५८,२०० पर्यंत, म्हणजे साडेसदतीस हजार किलोमीटर, गाडी एकाच ऑईलवर पळाली. खरं तसं असतं तर मी यार्डात गेलोही नसतो. पण लीजच्या गाड्यांची बिलं कशी निघतात हे मला ठाऊक आहे. कर्मचाऱ्याच्या पगारातून लीजचं भाडं कापलं जातं आणि त्यात बहुतेक वेळा विमा आणि देखभालीचं पॅकेज धरलेलं असतं. गाडी सर्व्हिसला आली की पॅकेजमध्ये बसणारं काम लीज कंपनीच्या नावाने कॅशलेस बिल होतं. पॅकेजबाहेरचं, म्हणजे वायपर, एसी फिल्टर, धुणं-पुसणं, हे चालवणाऱ्याच्या नावाने वेगळं. त्याच्या हातात हेच दुसरं बिल पडतं आणि तेच फाईलमध्ये जातं. ऑईलचं बिल त्याने कधी पाहिलेलंच नसतं.

त्यामुळे फाईलमध्ये ऑईल नाही एवढ्यावरून ऑईल बदललं नाही असं म्हणता येत नाही. बदललं असंही म्हणता येत नाही. वर्कशॉपच्या संगणकातला इतिहास काढावाच लागतो. मी डीलरला फोन केला की चासी नंबरवरून पूर्ण जॉब हिस्टरी काढून ठेवा, दोन्ही प्रकारची बिलं हवीत, आणि परवा सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी अजिबात चालू करू नका.

साडेसहाला आम्ही पोचलो. सोबत ग्रेट नाग रोडवरचे आमचे मिस्त्री होते, डिझेल इंजिनात तीस वर्षं घालवलेले. बॉनेटवर हात ठेवला तर चांगलं कोमट. मेमध्ये नागपुरात पहाटेसुद्धा पत्रा गार नसतो, म्हणून शेजारच्या दोन गाड्यांनाही हात लावून पाहिला. त्या तेवढ्या गरम नव्हत्या. यार्डातल्या पोराने सरळ सांगून टाकलं, "भाऊ, रोजच करतो ना चालू. सकाळी दहा मिनिटं. बॅटरी बसून जाते नाही तर." त्याचा हेतू वाईट नव्हता, पण थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि पहिला धूर त्या दिवशी गेला तो गेलाच. आणि 'रोज दहा मिनिटं' हे शब्द मी मनात ठेवले, कारण बीएस-६ डिझेलसाठी ते फार महत्त्वाचे असतात.

आधी टायर बघितले. चारही टायरवर तारखेचा आकडा १९२४, म्हणजे २०२४ चा एकोणिसावा आठवडा, मे महिना. स्टेपनीवर ४५२०, म्हणजे नोव्हेंबर २०२०, गाडीच्या नोंदणीशी जुळणारा. ४३,८०० ला चारही टायर बदलले हे चौथ्या बिलाशी बसत होतं. किलोमीटरचा वेग मात्र खटकत होता. पुण्यात वर्षाला दहा-अकरा हजार, नागपुरात आल्यावर नऊ महिन्यांत बारा हजार, आणि पुढे लीज संपेपर्यंतच्या सहा महिन्यांत चौदा हजार. मीटर मागे फिरवणारा आकडे कमी करतो, इथे तर ते वाढत गेले होते. स्कॅनर लावला तेव्हा इंजिनच्या कंप्यूटरमधला आकडा डॅशबोर्डशी जुळला. वाढीचं कारण डीलरला माहीत होतं. गाडी वापरणारा इंजिनीअर बदली होऊन मिहान या नागपूरच्या औद्योगिक भागात आला, कुटुंब पुण्यातच राहिलं, आणि छत्रपती संभाजीनगरपर्यंत समृद्धी महामार्गाने व तिथून पुढे पुणे अशा महिन्याला एक-दोन फेऱ्या सुरू झाल्या. एका फेरीत जाऊन-येऊन चौदाशेच्या आसपास किलोमीटर होतात. हिशोब बसला. सिमेंटच्या रस्त्यावर ताशी ११०-१२० ने पळणाऱ्या गाडीचे टायर ४४ हजाराला बदलले यात नवल नाही.

दुसरी शंका तिसऱ्या बिलाच्या तारखेची. नागपूरकराला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट सांगावी लागत नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली, पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. बरोबर सहा दिवसांनी या गाडीचं बिल होतं आणि त्यात 'इंटिरियर क्लीनिंग' होतं. सरांच्या घरी मॅडमनी ही तारीख माझ्याआधी हेरली होती, त्यांचं माहेर त्याच भागातलं.

म्हणून आम्ही आतून तासभर घालवला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर आत गुंडाळलेल्या भागात गाळाची रेघ राहते आणि ती धुणाऱ्याच्या हाताला सहसा लागत नाही. इथे पट्टे स्वच्छ होते आणि धुतलेले वाटत नव्हते, वापराचा मळ होता. सीटखालच्या रुळांचे बोल्ट, वायरिंगचे जोड, कार्पेटखालचा फोम, स्टेपनीच्या खळग्यातले कोपरे, कुठे बारीक माती नाही, हिरवा गंज नाही. पण मला सगळ्यात जास्त भरवसा दिला तो विम्याच्या कागदाने. डिसेंबर २०२३ च्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची सूट) ३५ टक्के होता. हा बोनस २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्यांनी चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. पहिली तीन वर्षं एकही क्लेम नसेल तरच ३५ दिसतो. लीजच्या गाडीत विमा भाड्यातच असतो, त्यामुळे पुराचं नुकसान कोणी स्वतःच्या खिशातून भरत बसत नाही, क्लेम होतोच. ही गाडी बुडालेली नव्हती. जुनी पॉलिसी बहुतेक लोक फेकून देतात. गाडी घेताना ती मागून घ्या, सर्व्हिस बुकाइतकंच ती बोलते.

मग डिपस्टिक, ऑईलची पातळी बघायची काडी.

गाडी सपाट जागी घेतली, तासभर तशीच ठेवली, काडी ओढून पुसली, परत घालून काढली. ऑईल वरच्या खुणेच्या वर जवळजवळ एक बोटभर. डीलर शेजारीच उभा होता. तो खूश होऊन म्हणाला, "पाहा ना भाऊ, ऑईल त फुल्ल आहे. काही टेन्शनच नाही." मिस्त्रींनी दोन बोटांत थेंब चोळला, नाकाशी नेला आणि कोऱ्या कागदावर एक थेंब सोडला. मधे काळा डाग राहिला आणि त्याभोवती पातळ, तेलकट कडं पसरत गेलं. मिस्त्री म्हणाले, "हे फुल्ल नाही जी. याच्यात डिझेल उतरलं आहे."

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. गाळणी भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून धुराचं तापमान वाढवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. हायवेवर ते आपोआप होतं, चालवणाऱ्याला कळतही नाही. यार्डात दहा मिनिटं चालू करून बंद केली की काजळी साठते, रिजनरेशन सुरू होतं आणि अर्ध्यातच तुटतं. त्या जास्तीच्या डिझेलातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑईलमध्ये उतरतं. पातळी वाढते, ऑईल पातळ होतं, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाच्या) बेअरिंगला आणि क्रँकला मिळणारं संरक्षण कमी होतं. डिझेल गाडीत ऑईल कमी होण्याची भीती सगळ्यांना असते, वाढलेल्या ऑईलची कोणालाच नसते.

स्कॅनरने उरलेलं सांगितलं. फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) एकही नव्हता, पण 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' ३६ किलोमीटर होतं. म्हणजे कोणीतरी अलीकडेच, बहुधा यार्डात, दिवा लागला म्हणून कोड पुसला होता. डीपीएफमधल्या काजळीचा भार बराच वर होता. डीलरने कोड पुसल्याचं आधी नाकारलं, मग म्हणाला, "चेक लाईट आला होता, पोराने काढून टाकला." मी भांडलो नाही. साध्या स्कॅनरवरही हा आकडा दिसतो. जुनी गाडी तपासताना मी तो नेहमी बघतो, कारण कोड पुसता येतात पण पुसल्याची खूण राहते.

तोवर वर्कशॉपची हिस्टरी आली. नऊ पानं. ३१,६०० आणि ४३,८०० ला खरंच दोन-दोन बिलं होती. लीज कंपनीच्या नावाच्या बिलात दोन्ही वेळा इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, आणि दुसऱ्या वेळी डिझेल फिल्टरही. फाईलमधल्या दोन 'कोरड्या' सर्व्हिसेस पूर्ण झालेल्या निघाल्या. ज्या बिलांवर मी सगळ्यात जास्त संशय घेतला होता ती बरोबर होती.

चूक निघाली ती ज्याचं बिलच नव्हतं तिथे. शेवटच्या पानावर नोव्हेंबर २०२४ चं एक जॉब कार्ड, म्हणजे गाडी आली की वर्कशॉपमध्ये निघणारा कामाचा कागद, ५६,४०० किलोमीटर. गाडी सर्व्हिसला आली, अंदाजपत्रक निघालं आणि खाली ॲडव्हायझरची नोंद: पॅकेजची मर्यादा ५०,००० किमी संपली, ग्राहकाने खर्चाला नकार दिला, लीज पुढच्या महिन्यात संपत आहे. गाडी धुऊन परत गेली. डिसेंबरमध्ये ५८,००० ला लीज संपली, गाडी लिलावात गेली, तिथून या यार्डात.

मी हे कार्ड वाचलं तेव्हा मला त्या इंजिनीअरचा राग आला नाही. त्या काउंटरवर बसून मी स्वतः अशा नोंदी लिहिल्या आहेत. महिनाभराने जी गाडी आपली राहणार नाही तिच्यात कोण आठ-दहा हजार घालेल? लीज कंपनीचं पॅकेज संपलेलं, लिलावातल्या डीलरला फक्त चकचकीत गाडी हवी. लीजच्या गाडीची पहिली तीन वर्षं बहुधा चोख असतात, कारण खर्च भाड्यातच धरलेला असतो. करार संपण्याआधीचे सहा महिने आणि विकली जाईपर्यंतचे पुढचे सहा महिने तिला कोणी वाली नसतो. या गाडीचंही तेच झालं होतं. जून २०२४ चं ऑईल १४,४०० किलोमीटर आणि अकरा महिने चाललं होतं, त्यातले शेवटचे पाच महिने रोज दहा मिनिटांच्या चालू-बंदमध्ये.

हिस्टरीत आणखी एक पोकळी होती. साडेचार वर्षांत ब्रेक ऑईल बदलल्याची एकही ओळ नाही, दोन्ही प्रकारच्या बिलांत नाही. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं, साधारण दोन वर्षांत बदलायचं असतं, गाडी कितीही कमी चालली असली तरी. मिस्त्रींनी टेस्टर बुडवला, लाल दिवा लागला, म्हणजे ओल जास्त. बॅटरी मूळचीच, २०२० ची. साडेचार वर्षं काढली, त्यात नागपूरचा उन्हाळाही, हेच खूप.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही. आरसीवर लीजची नोंद होती, ती उतरवायचा फॉर्म ३५ लीज कंपनीच्या सही-शिक्क्याचा, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर अधिकृत व्यक्तीची सही, हे सगळं डीलरकडे तयार होतं. ई-चलान दोन, दोन्ही वेगाची. डीलरने ती भरली.

आता प्रश्न होता घ्यायची की सोडायची. सरांचं मत सोडायचं. ते म्हणाले, "इंजिनात डिझेल उतरलेली गाडी मी का घेऊ?" मॅडमचा प्रश्न जास्त नेमका होता: "झालेलं नुकसान किती आणि होऊ घातलेलं किती?"

मी त्यांना जे सांगितलं ते असं. शरीर चांगलं आहे, किलोमीटर खरे आहेत, पूर नाही, अपघात नाही. हायवेवर चाललेलं इंजिन आहे. डिझेल मिसळलेल्या ऑईलवर ते फार तर यार्डातलेच शे-दोनशे किलोमीटर चाललं असावं. टर्बोकडून येणारा पाईप सोडून पाहिला तर आत नेहमीपेक्षा जास्त तेल नव्हतं, टर्बोच्या शाफ्टला खेळ, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. सरांचा रोजचा उमरेड रोड हा तर डीपीएफला हवा तसाच प्रवास. पण गाळणी साफ झाली नाही तर नवी लाखाच्या घरात जाते, आणि ती जोखीम सरांनी घ्यायची नाही. टोकनच्या आधी डीलरने अधिकृत वर्कशॉपमध्ये जुनं ऑईल काढून नवं ऑईल-फिल्टर घालावं, मग फोर्स रिजनरेशन, म्हणजे वर्कशॉपमध्ये मुद्दाम सुरू केलेलं रिजनरेशन, करावं, आम्ही समोर उभे राहू. क्रम असाच हवा. पातळी वाढलेल्या इंजिनाला तसंच तापवणं धोक्याचं असतं, इंजिन ते ऑईलच आत ओढून जाळू लागलं तर चावी बंद करूनही थांबत नाही. त्यानंतर तीनशे किलोमीटर चालवून पातळी पुन्हा बघायची. मगच सौदा.

डीलर आधी तयार नव्हता. त्याचं म्हणणं, इतकं कोणी बघत नाही, दुसरा गिऱ्हाईक उद्या घेऊन जाईल. मी म्हटलं, नेऊ द्या. चार दिवसांनी त्याचाच फोन आला.

रिजनरेशनला पाऊण तास लागला. काजळीचा आकडा जवळजवळ तळाला आला. निघालेलं ऑईल ट्रेमध्ये पाण्यासारखं वाहत होतं, सरांनी त्याचा व्हिडिओ काढून ठेवला आहे. पुढचे तीन दिवस डीलरचा माणूस आणि सर मिळून गाडी उमरेडला नेऊन आणत राहिले. पातळी हलली नाही. दिवा लागला नाही. उरलेली कामं सरांकडे आली: हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ऑईल, ब्रेक ऑईल, बॅटरी, पुढचे ब्रेक पॅड. साधारण पंचवीस हजारांचं. ते आणि डीपीएफची जोखीम धरून भाव आठ लाख पंधरा हजारांवर तुटला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी मानेवाड्याला आली.

एक गोष्ट माझ्याकडून सुटली, तीही लिहितो. चाचणीसाठी गाडी मी वाडी ते हिंगणा टी पॉइंट आणि रिंग रोड एवढीच फिरवली होती. ताशी ७० च्या वर गेलोच नाही. जुलैत सरांचा फोन आला, नव्वदच्या पुढे डावीकडून घुंई असा आवाज येतो, वळणावर वाढतो. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. समृद्धीवर पळालेल्या गाडीचं बेअरिंग हायवेच्या वेगालाच ऐकू येणार हे मला सुचायला हवं होतं. खर्च सहा हजारांच्या आसपास आला, मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. तेव्हापासून हायवेवर चाललेली गाडी असेल तर मी चाचणीला उमरेड रोडने पाचगावपर्यंत जातो, एसी आणि रेडिओ बंद, खिडक्या वर.

सरांनी गाडीच्या खणात एक छोटी वही ठेवली आहे. दर रविवारी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, ते काडी काढून पातळी बघतात आणि तारीख, किलोमीटर, पातळी एवढंच लिहितात. दिवाळीत भेटलो तेव्हा मी ती चाळली. प्रत्येक ओळीत शेवटचा शब्द 'मध्ये' होता.